पिरनवाडीकडील एका बास क्लॅरिओनेटचा वयनिर्णय

देवस्थानांच्या जिन्नसवार नोंदवह्या चाळण्याचा प्रसंग वकिली व्यवसायात वरचेवर येतो. समया, पंचारत्या, प्रभावळ, चवऱ्या, पालखीचे गोंडे, अभिषेकाची कोळंबी अशा क्रमाने पाने उलटत जातात. प्रत्येक जिन्नसासमोर वजन, दात्याचे नाव आणि अर्पणाची मिती लिहिलेली असते. वाद्यांच्या सदरात चौघडा, सनई, शिंग, झांजा यांपलीकडे सहसा काही आढळत नाही. बेळगावहून खानापूरकडे जाताना उद्यमबाग मागे टाकली की पिरनवाडी लागते. त्या बाजूच्या एका लहान देवळाच्या वहीत मात्र या सदराखाली ‘काळा मोठा बाजा, नग १’ अशी नोंद आहे. तिच्यासमोरचा दात्याचा रकाना कोरा आहे. वही लिहिणाऱ्याचे अक्षर वळणदार आणि काम चोख आहे. इतर सर्व रकाने भरणाऱ्या माणसाने हा एकच का सोडला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

कारण असे सांगतात की हा बाजा ज्या घराण्यातून आला, त्यांचा एक पूर्वज पलटणीच्या बँडात होता. पलटणीनेच तो त्याला दिला आणि म्हातारपणी त्याने तो देवाच्या पायी ठेवला, असे घरचे म्हणणे. गावातील कुजबुज निराळी. बाजाच्या कर्ण्यावर कोरलेली अक्षरे कोणीतरी कानशीने घासून टाकलेली स्पष्ट दिसतात. ज्याला आपली वस्तू मिळाली तो अक्षरे कशाला घासील? सरकारी माल असणार, अशी शंका निघाली आणि लेखनिकाने लेखणी आवरती घेतली. हल्लीच्या व्यवस्थापक मंडळींनी वस्तूंची नवी यादी करण्याचे ठरविले तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ही वस्तू कोणती, किती जुनी, आणि कोरा रकाना भरता येईल काय? त्यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल लागल्याखेरीज तिसऱ्याला हात घालता येत नाही, हे कोणताही कनिष्ठ वकीलसुद्धा सांगेल.

गावात सर्वजण त्यास ‘सॅक्सोफोन’ म्हणतात. वर पुढे वळलेली धातूची मान, खाली हुक्क्यासारखा वर उचललेला धातूचा कर्णा, आणि मध्ये चाव्यांनी मढलेली नळी असे रूप पाहिल्यावर तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते आणि बहुधा सबंध पितळेची असते. ही नळी काळी आहे आणि वरपासून जवळजवळ खालपर्यंत सारख्याच व्यासाची आहे. याहून निर्णायक परीक्षा कानाची. सॅक्सोफोनवर खालचा षड्ज धरून डाव्या अंगठ्याची चावी उघडली तर वरचा षड्ज येतो. क्लॅरिओनेटच्या जातीत तसे होत नाही. तेथे मध्य षड्जावरून एकदम तार पंचमावर उडी पडते. पिरनवाडीच्या बाजाने पंचमच दिला. म्हणजे हा क्लॅरिओनेट खरा, पण लग्नाच्या वरातीत दिसणाऱ्या सरळ क्लॅरिओनेटहून एक सप्तक खाली बोलणारा, बास क्लॅरिओनेट. याचाच एक धाकटा भाऊ आहे, आल्टो क्लॅरिओनेट. तोही वाकड्या मानेचा असल्याने पुष्कळदा दोघांची गल्लत होते. पण त्याचा खालचा स्वर इतका खोल जात नाही. आमच्यासमोरील वाद्याचा सर्वांत खालचा स्वर सुमारे काळी एकच्या गायकाचा मंद्र षड्ज आहे. ‘सुमारे’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्याच शब्दात आहे.

या वाद्याचा वंश फार पुराणा नाही. ड्रेस्डेन येथील हाइनरिख ग्रेन्सर याने १७९३ मध्ये एक बास क्लॅरिओनेट केला. त्याचा घाट तळाशी दुमडलेल्या दुहेरी नळीचा होता. आजचे सरळ उभे रूप दिले ते आडोल्फ साक्स याने, ब्रसेल्समध्ये १८३८ साली पेटंट घेऊन. हाच गृहस्थ पुढे १८४२ मध्ये पॅरिसला गेला आणि १८४६ मध्ये त्याने सॅक्सोफोनचे पेटंट मिळविले. तेव्हा गावकऱ्यांनी एकाचे नाव दुसऱ्याला दिले यात अगदीच अधर्म झाला असे नाही, कारण दोन्हींच्या घडणीत एकाच कारागिराचा हात आहे. नाट्यसंगीतात या खर्जाचा उपयोग मायरबेर या संगीतकाराने पॅरिसच्या १८३६ च्या ऑपेरात केला, तेव्हापासून त्याकडे लोकांचे लक्ष वेधले. लष्करी बँडात त्याचे काम मात्र कधीच पुढे येऊन मिरवण्याचे नव्हते. पितळी वाद्यांचा गदारोळ चालू असता लाकडी वाद्यांच्या मेळ्याला खालून आधार द्यावयाचा, एवढेच. तंबोऱ्याप्रमाणे, असता कोणी दखल घेत नाही आणि नसता मैफल पोकळ वाटते.

असे वाद्य बेळगावच्या परिसरात यावे यात नवल नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर येथे छावणी वसली. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणी पाचव्या महरट्टा लाइट इन्फन्ट्रीच्या नावाखाली एकत्र आल्या, आणि त्यांची शिक्षण देणारी पलटण बेळगावात स्थिर झाली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आजही तेथेच आहे. भोवतालच्या खेड्यांतील तरुण बंदुकीसाठी जात, तसे काही बाजासाठीही जात. इंग्रजी स्वरलेखन वाचता येणारी मंडळी गोव्याच्या चर्चशाळांतून तयार होऊन येत. मुंबई इलाख्यातील बँडांवर आणि संस्थानी दरबारांच्या वाद्यवृंदांवर गोमंतकीयांची छाप बरीच होती. कोंकणीभाषक वादक पानावरचे स्वर वाचतो आहे आणि शेजारी मराठी शिपाई ते कानाने उचलतो आहे, अशी ती जोडी. आमच्या या द्विभाषिक मासिकाच्या वाचकांस हे चित्र परके वाटू नये.

आता पुरावा. नळीच्या वरच्या भागावर एक शिक्का आहे. भिंग लावून तो वाचता येतो: बूझी आणि कंपनी, रीजंट स्ट्रीट, लंडन. खाली एक अनुक्रमांक, आणि त्याखाली ‘एच. पी.’ ही दोन अक्षरे.

शिक्का म्हणजे दस्तऐवज नव्हे, हे कबूल. तरी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ९० व्या कलमाची येथे आठवण होते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला तर त्यावरील सही ज्याची म्हटली आहे त्याचीच आहे असे न्यायालयास गृहीत धरता येते. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण तत्त्व तेच आहे. यातील ‘योग्य ताबा’ हा शब्द मोलाचा. वाद्यांच्या बाजारात शिक्क्याला डोळे मिटून मान देता येत नाही. पेढ्या दुसऱ्याकडून माल घडवून आणीत आणि त्यावर आपले नाव उठवीत. इंग्लंडात १८८७ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याने, आणि आपल्याकडे १८८९ च्या तशाच कायद्याने, परदेशी मालावर स्वदेशी नावाचे कातडे पांघरण्यास अटकाव केला तो याचसाठी. शिवाय मेरठ येथे नादिर अली यांच्या पेढीने १८८५ पासून बँडाच्या वाद्यांचा व्यवसाय मांडला. पुढे ते शहर या कारागिरीचे मोठे पीठ बनले, आणि विलायती घाटाची हुबेहूब वाद्ये देशातच घडू लागली. त्या कारागिरांची आम्हांस निंदा करावयाची नाही. त्यांच्याच वाद्यांवर या देशातील लक्षावधी लग्ने लागली आहेत. पण प्रस्तुत वाद्य त्यांपैकी नाही. शिक्क्याची अक्षरे नळीत सारख्या खोलीने उतरलेली आहेत. चाव्यांचे खांब, स्क्रू आणि स्प्रिंगा एका हातच्या आहेत. तेच दोन-तीन आकडे जोडांच्या आतल्या कडांवरही उठविलेले सापडतात.

शिक्क्यातील नावच काळाची पहिली सीमा घालून देते. बूझी आणि कंपनी व हॉक्स आणि सन या लंडनच्या दोन प्रतिस्पर्धी पेढ्या १९३० मध्ये एक झाल्या, आणि त्यानंतर शिक्क्यावर बूझी आणि हॉक्स असे जोडनाव येऊ लागले. एकटी बूझी दिसते तेथे वाद्य १९३० च्या अलीकडचे नसते. पेढी रीजंट स्ट्रीटवर आली १८७४ मध्ये, त्यामुळे पलीकडची सीमाही सापडते. पण छप्पन्न वर्षांचा हा पल्ला एखाद्या माणसाच्या आयुष्याएवढा आहे. त्यावरून दात्याचा रकाना भरता येत नाही.

चाव्यांच्या मांडणीकडून आम्ही बरीच आशा धरली होती. बोएम पद्धतीच्या क्लॅरिओनेटात उजव्या करंगळीखाली चार चाव्यांचा झुबका असतो. जुन्या साध्या पद्धतीत, जिला ब्रसेल्सच्या यूजेन आल्बेरच्या नावाने आल्बर्ट पद्धती म्हणतात, तेथे करंगळीला दोनच चाव्या आणि त्यांच्यामध्ये घसरण्यासाठी लहान रूळ असतात. आमचे वाद्य या दुसऱ्या जातीचे आहे. अंगठ्यासाठी वरच्या सप्तकाच्या दोन वेगळ्या चाव्या आहेत, एकाच चावीने दोन्ही छिद्रे आपोआप चालविणारी सोय नाही. हे सर्व जुनेपणाचे लक्षण आहे, पण लक्षण म्हणजे तारीख नव्हे. बोएम पद्धती पॅरिसमध्ये १८३९ च्या सुमारास पुढे आली तरी इंग्रजी लष्करी बँडांनी साधी पद्धत विसाव्या शतकातही दीर्घकाळ सोडली नाही. या आधारावर ‘शंभर-सव्वाशे वर्षांचे असावे’ असे ठोकून देणारे तज्ज्ञ भेटतात. त्यांचे अनुमान बरोबर ठरले तरी ते योगायोगानेच.

खरा साक्षीदार आहे तो ‘एच. पी.’ या दोन अक्षरांत. याचा अर्थ ‘हाय पिच’, उंच स्वर. देवळातील भजनाच्या पेटीशी या वाद्याचा सूर जुळविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते ना काळी एकला बसले ना पांढरी दोनला. अगदी मधोमध अडकले. गावातल्या वाजविणाऱ्यांची आजवरची समजूत अशी की बाजा बिघडला आहे. तो बिघडलेला नाही. तो दुसऱ्या काळाच्या षड्जाला बांधलेला आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात प्रत्येक देशाचा, किंबहुना प्रत्येक नाट्यगृहाचा, षड्ज निराळा असे. फ्रान्सने १८५९ मध्ये सरकारी हुकमाने आपला मूळ स्वर सेकंदास ४३५ कंपनांवर आणून ठेवला. इंग्लंड मात्र चढत चढत ४५२ च्या आसपास गेले. क्रिमियन युद्धात, १८५४ साली, राणीच्या वाढदिवसाच्या कवायतीत जमलेल्या इंग्रजी बँडांनी राष्ट्रगीत सुरू केले आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी निघाली, असे सांगतात. मानहानी झाली. मग १८५७ मध्ये नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली आणि सगळ्या पलटणींना एका सुरावर आणले गेले. तो सूर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उंचच राहिला. पुढे १८९५-९६ च्या सुमारास लंडनच्या वाद्यवृंदांनी तो सोडून ४३९ कंपनांचा खालचा स्वर धरला. लष्कर तसेच उंचावर उभे राहिले आणि १९२९ च्या सुमारास खाली उतरले. १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० हा आकडा ठरला, आणि आपल्या पेट्यांचे सूर आज त्यालाच धरून असतात.

४४० आणि ४५२ यांतील अंतर एका अर्धस्वराच्या जवळपास निम्मे भरते. श्रुतींचा अभ्यास केलेल्यांना हे अंतर केवढे ते सांगावयास नको. साध्या श्रोत्याचेही कान त्याने टवकारतात. आणि ते मान थोडी बाहेर ओढून निस्तरता येत नाही. नळीची लांबी शंभरास पावणेतीन या प्रमाणात वाढवावी लागेल, आणि तीही प्रत्येक छिद्राच्या जागेसकट. असे वाद्य दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते.

येथे एक तर्क वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. जोवर सर्वत्र एकच उंच स्वर चालत होता तोवर वाद्यावर ‘उंच स्वर’ असे कोण कशाला लिहील? दोन स्वर बाजारात एकाच वेळी नांदू लागले, गिऱ्हाईक चुकीचे वाद्य उचलण्याचा संभव निर्माण झाला, तेव्हाच ही अक्षरे उठविण्याची गरज पडली. म्हणजे प्रस्तुत वाद्य १८९० नंतरच्या दशकाआधीचे नसावे. आणि लष्कराने उंच स्वर सोडल्यावर तसे बास क्लॅरिओनेट घडवून ठेवण्यात पेढीला लाभ नव्हता. छप्पन्न वर्षांचा पल्ला असा सुमारे पस्तीस वर्षांवर येतो: १८९५ ते १९२९.

नळीचा पदार्थही याला पुष्टी देतो. ती शिसवीची किंवा आफ्रिकन काळ्या लाकडाची आहे असे घरचे सांगत. वास्तविक ती एबोनाइटची आहे, म्हणजे रबर आणि गंधक तापवून केलेल्या कठीण पदार्थाची. कापडाने जोराने घासून नाकाशी धरली की गंधकाचा वास येतो. जेथे वर्षानुवर्षे खिडकीचे ऊन लागले त्या बाजूचा काळा रंग विटून हिरवट तपकिरी झाला आहे. लाकूड तसे विटत नाही. लाकडी नळ्या उष्ण देशात, कोरडा उन्हाळा आणि ओला पावसाळा यांच्या ओढाताणीत, तडकतात. म्हणून लष्करी बँडांत, विशेषतः उष्ण प्रदेशात जाणाऱ्या पलटणींसाठी, एबोनाइटला मागणी असे. बेळगावच्या पावसात टिकून राहिलेली ही नळी बहुधा त्याच विचाराने निवडलेली असावी.

राहिला तो घासलेला कर्णा. अशा जागी पलटणीचे नाव वा आकडा कोरण्याची चाल होती, आणि तो आकडा शाबूत असता तर तारखेचे काम सोपे झाले असते. मराठा पलटणींचे आकडे १९०३ मध्ये बदलले. पूर्वीच्या मुंबई लष्करातील तिसरी, पाचवी, दहावी, चौदावी, सोळावी व सतरावी या पलटणी अनुक्रमे १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ झाल्या. १९२२ मध्ये हेही आकडे गेले आणि पाचव्या रेजिमेंटच्या पोटात त्या नव्याने मोजल्या गेल्या. कोणाच्या घरी ‘११०’ असा आकडा कोरलेले शिंग किंवा ढोल असेल तर त्याने तो जपून ठेवावा. तो आकडा केवळ एकोणीस वर्षे जगला, आणि त्यातच १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत-अल-अमाराची शरणागती येऊन गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

आमच्या कर्ण्यावर कानस फिरली असल्याने आकडा हाती लागत नाही. पण जे दिसत नाही त्यातही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. इंग्रज सरकारच्या मालकीच्या मालावर रुंद बाणाची खूण असे. तो माल रीतसर काढून टाकला की समोरासमोर टोके भिडविलेले दोन बाण उठवीत. या वाद्यावर, कानस न लागलेल्या कोणत्याही भागावर, एकही बाण नाही. ना चाव्यांवर, ना मानेवर, ना जोडांच्या कड्यांवर. बँडांचा पुष्कळसा खर्च त्या काळी पलटणीतील अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून चाले आणि वाद्ये त्या निधीची असत, सरकारी कोठाराची नव्हेत. ‘सरकारी माल’ हा आरोप येथेच पहिल्या पायरीवर अडखळतो.

दुसरी पायरी स्वराची. १९२९ च्या सुमारास सूर खाली उतरल्यावर जुन्या उंच स्वराची वाद्ये पलटणीच्या दृष्टीने भंगार झाली. एक बास क्लॅरिओनेट जुना आणि बाकीचे बँड नवे, असा संसार एक दिवसही चालत नाही. ज्या वस्तूचा धन्याला उपयोग उरला नाही ती जुन्या वादकाला देऊन टाकणे किंवा अल्प किमतीत विकणे यात अस्वाभाविक काय आहे? आणि देताना पलटणीचे नाव पुसून देणे हेही तितकेच स्वाभाविक आहे. लग्नाच्या वरातीत पलटणीचे नाव मिरवले जावे असे कोणत्या सुभेदाराला वाटेल? चोराने अक्षरे घासली असती तर त्याने आधी अनुक्रमांक घासला असता, कारण माल ओळखला जातो तो त्यावरून. येथे अनुक्रमांक जसाच्या तसा आहे.

हा पुरावा संशयातीत आहे असे आम्ही म्हणत नाही. कायद्याला तशी अपेक्षाही नाही. जुन्या कायद्याच्या ११० व्या कलमाप्रमाणे ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो तिचा मालक नव्हे असे म्हणणाऱ्यानेच ते शाबीत करावयाचे असते. कुजबुजीने ते कधीच शाबीत केले नाही. तिने फक्त एक रकाना कोरा ठेवला, आणि त्या कोऱ्या जागेने एका घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालावयास लावली. उत्सवाच्या मानकऱ्यांच्या यादीत त्या घराचे नाव आजवर आलेले नाही, हे आम्हांस मंडळींकडूनच कळले.

नव्या यादीसाठी आम्ही सुचविलेली नोंद अशी: ‘बास क्लॅरिओनेट, नग १, एबोनाइटचा, जर्मन सिल्व्हरच्या चाव्या, आल्बर्ट पद्धती, उंच स्वर. बूझी आणि कंपनी, लंडन. घडण अंदाजे १८९५ ते १९२९. पलटणीच्या बँडातील वादकाकडून देवास अर्पण.’ पुढे त्या वादकाचे नाव. मंडळींपैकी एका वयस्क गृहस्थांनी ‘अंदाजे’ या शब्दाला हरकत घेतली. तो शब्द काढावयाचा तर वाट मोकळी आहे. बूझी पेढीच्या कारखान्याच्या खतावण्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जतन केलेल्या आहेत, आणि त्यांत अनुक्रमांकासमोर वाद्याचा प्रकार व दिनांक टिपण्याची पद्धत होती. क्रमांक स्वच्छ उतरवून, शिक्क्याच्या छायाचित्रासह, तेथे पाठविण्याचे ठरले आहे.

तोवर वाद्याला चिंच, राख किंवा बाजारी पावडर लावू नये, असे आम्ही मंडळींना बजावून ठेवले आहे. समया उजळतात त्या उत्साहाने कर्णा उजळला तर कानशीने जे वाचविले तेही जाईल. एबोनाइटला कढत पाणी दाखवू नये, तो वाकतो व रंग सोडतो. चाव्यांखालच्या गाद्या मुळच्या राहिलेल्या नाहीत. तेथे कोणीतरी बकऱ्याचे पातळ कातडे हाताने कापून चिकटविले आहे, आणि डाव्या अंगठ्याच्या दोन चाव्यांपैकी एकीचा तुटलेला दांडा पितळेचा डाग देऊन जोडला आहे. हे काम लंडनचे नव्हे, इकडच्याच एखाद्या कासाराचे आहे. त्या चावीवरचा मुलामा अंगठ्याच्या घासाने पार उडाला आहे, आणि कासाराचा तो डागही झिजून गुळगुळीत झाला आहे.